आधी कान कोरडा, मग थेंब

सकाळी ८ : आयर्विन रोडवर कृष्णराजेंद्र रुग्णालय, भोवती देवराज मोहल्ल्याची वर्दळ. आमचं वैद्यकीय महाविद्यालय १९२४ साली बंगळुरात निघालं, १९३० साली म्हैसूरला आलं. मी आधी प्रयोगशाळा गाठते. वाहत्या कानांतल्या काल घेतलेल्या पुवाच्या प्लेटा तयार असतात. काहींवर हिरवट छटा, द्राक्षांसारखा वास : स्यूडोमोनास. जुनाट कान वाहण्यात हा जंतू पुष्कळदा सापडतो.

९.३० : ओपीडी. महिनोन्‌महिने कान वाहणारी मुलं, पडद्याला भोक. कानाची वाट पुसून निर्जंतुक काडीवर आतला पू घ्यायचा. आठवड्याभरात प्रतिजैविक घेतलं असेल, तर तो नमुना वाहत्या कानांच्या माझ्या अभ्यासात धरत नाही.

११ : सूक्ष्मदर्शकाखाली पू ओढून काढणं. हे काम वेळखाऊ, पण इथेच निम्मा उपचार होतो. पुवाच्या थराखाली थेंब पोचतच नाहीत.

२.३० : जंतूंचं ठरावीक दाटीचं द्रावण प्लेटवर पसरून औषधांच्या चकत्या ठेवते. उद्या चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं. मात्र ते वाचण्याचे निकष गोळी किंवा इंजेक्शननंतर रक्तात उतरणाऱ्या औषधाच्या मात्रेवर बेतलेले आहेत. सिप्रोफ्लॉक्सॅसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतली, तर रक्तात मिलिलीटरमागे जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम औषध मिळतं, ०.३ टक्क्याच्या थेंबात ते ३००० असतं. म्हणून अहवालात ‘दाद देत नाही’ असं आलं, तरी कानात तेच औषध लागू पडू शकतं. जेंटामायसिनची गोष्ट वेगळी. पडद्याला भोक असेल, तर ते अंतःकर्णात झिरपून ऐकण्याच्या पेशी मारू शकतं, आणि गेलेल्या त्या पेशी परत येत नाहीत.

४ : एक मराठी आई विचारते, “कोमट तेल घातलं तर चालंल का, डॉक्टर?” “नको ताई, तेलाचा थेंबही नको. बाटली मुठीत धरून कोमट करा, बाळाला कुशीवर निजवा, थेंब घाला आणि कानाच्या भोकापुढचा उंचवटा हलके दाबत राहा. पाच मिनिटं तसंच राहू द्या. आंघोळीला व्हॅसलीन लावलेला बोळा घाला.” ती सगळं पुन्हा म्हणून दाखवते, तेव्हाच चिठ्ठी हाती देते.

५.३० : श्रवणचाचण्यांचे कागद. मानसगंगोत्री भागातल्या अखिल भारतीय वाक्‌श्रवण संस्थेमुळे १९६५पासून या शहराला श्रवणदोषांच्या कामाची ओळख आहे. वाहता कान नुसता दुखत नाही. मुलाला वर्गातलं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ते मागे पडतं.

७ : वहीत प्रत्येक कानाची एक ओळ : जंतू, वर्तुळाचं माप, आणि दोन आठवड्यांनी कान कोरडा झाला की नाही. शेवटचा रकाना भरायला रुग्ण परत यावा लागतो, म्हणून फोन करण्याचं काम मी स्वतःकडे ठेवलंय. प्लेटवरचं माप औषध निवडायला मदत करतं. ते लागू पडलं की नाही, हे मात्र त्या मुलाचा कानच सांगतो.