जोडी मागू नका

ठाण्यात माझं माशांचं दुकान आहे. रविवारी सकाळी येणारं कुटुंब काचांवर बोट ठेवत पुढे सरकतं: ह्याची एक जोडी द्या, त्याची एक जोडी, तो काळा एक, आणि टाकी साफ करायला एक सकर. हे सगळं दोन फुटी टाकीत! पिशवी भरण्याआधी मी विचारतो, पाणी पालिकेचं की बोअरचं? मासेवाल्याला नसती चौकशी कशाला, असा चेहरा होतो.

गप्पी, मोली, प्लॅटी यांना जड पाणी मानवतं, बोअरवरही ते मजेत राहतात. निऑन टेट्रा मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, त्याला मऊ, जरा आम्लाकडे झुकणारं पाणी लागतं. गोल्डफिशला यांच्यात घालूच नये. तो थंड पाण्याचा, वाढतो वीतभर आणि घाण करतो ती वेगळीच.

पाणी जुळलं की तोंड बघायचं, तेही वाढलेल्या माशाचं. एंजल दुकानात रुपयाच्या नाण्याएवढा असतो, निऑनबरोबर गोड दिसतो. तो तळहाताएवढा झाला की निऑन एकेक करून कमी होतात. घरचे फिल्टर उघडून शोधतात. मेलेला मासा कुठेतरी सापडतो. गिळलेला कुठून सापडणार?

पण खरी डोकेदुखी जोडीची. लग्नाच्या आहेरासारखं सगळं दोन-दोन न्यायचं, ही आपली सवय. टायगर बार्ब दोनच ठेवून बघा. एंजलच्या पोटाखाली दोऱ्यासारखे लांब पर लोंबतात. बार्ब मागून येतो, टोक तोडतो आणि वळायच्या आत पसार. आठवडाभरात तिथे खुंट उरतात. तेच बार्ब दहा-बारा असले की बहुतेक वेळ आपापसातच मारामारी करतात. तरीही लांब परांच्या माशांत मी ते देत नाही. फायटरचंही तेच, गप्पीची झुलती शेपूट बघून तो पिसाळतो. निऑन दोनच असले तर कुणाला त्रास नाही, पण दिवसभर झाडामागे दडून बसतात. मग पैसे कशाला घालवायचे?

सकर हातभर होतो. शार्क म्हणून खपतो तो मूळचा मेकाँगकडचा मांजरमासा, मीटरभर वाढणारा. टाकीत मावेना म्हणून लोक ते तलावात सोडतात. देशातल्या कितीतरी पाणवठ्यांत सकरने मूळ माशांची जागा बळकावली आहे.

दोन फुटी टाकीत, म्हणजे साधारण 54 लिटर पाण्यात, पालिकेच्या पाण्यावर मी काय देईन? मधल्या थरात आठ हार्लेक्विन रासबोरा, तळाला सहा लहान कोरीडोरस आणि आपल्या गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले हनी गौरामी. यांची मात्र जोडीच. कोरीडोरस मिशांनी तळ उकरत खातो, म्हणून खाली बारीक वाळू हवी. ते भडक निळे-गुलाबी खडे मी विकतो खरा, पण टोकदार खड्यांवर त्या मिशा झिजतात.

सगळे एका दिवशी नेऊ नका. फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर आधी रासबोरा, मग कोरीडोरस, गौरामी शेवटी. नर गौरामी आधी सोडला तर कोपरा अडवून बसतो, आणि नंतर येणाऱ्याला तिथे फिरकू देत नाही.