पेठेतले देवालय

पुण्यातली जुनी चर्च पाहायची म्हटली की पावले आपसूक लष्कराकडे वळतात. तिथल्या सेंट मेरीजची प्रतिष्ठापना १८२५ साली बिशप रेजिनॉल्ड हेबर यांच्या हस्ते झाली. ते उभे राहिले गोऱ्या पलटणींसाठी. भिंतींवरच्या स्मृतिशिलांवर नावेही बहुतेक लष्करी माणसांचीच. गुरुवार पेठेतले पंचहौद मिशनचे पवित्र नाम देवालय १८८५ चे, म्हणजे साठ वर्षांनी धाकटे. पण ते ऐन वस्तीत उभे राहिले. शेजार लाभला तो पुणेकरांचा, आणि शेजाराबरोबर येणारी भांडणेही वाट्याला आली.

मिशन चालवत होते ऑक्सफर्डजवळच्या काउलीचे अँग्लिकन व्रतस्थ पाद्री. जोडीला वाँटेजच्या सिस्टर्स होत्या. याच वाँटेजला १८८३ मध्ये पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या निर्णयामागे ज्यांच्या लेखनाचा प्रभाव होता, ते नीलकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोरे हेही काउलीच्या पाद्र्यांच्या सहवासात राहिलेले.

पंचहौदचे नाव गाजले ते मात्र चहामुळे. ऑक्टोबर १८९० मध्ये मिशनमध्ये व्याख्यान झाले आणि नंतर चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला हातात धरून खाली ठेवला. रानडे, टिळक, गोखले मंडळींत होतेच. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापवून आणली आणि सनातन्यांच्या हाती कोलीत मिळाले. सरदार नातूंनी शंकराचार्यांकडे तक्रार नेली. चौकशीला शास्त्री पुण्यात आले. आपण काशीला प्रायश्चित्त घेतले आहे, असे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये मित्रांच्या अडचणीपायी प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानड्यांना ते किती लागले, हे त्यांच्या आठवणींत आहे. सुधारणेवर व्यासपीठावरून बोलणे एक आणि घरच्या पंगतीत तिची किंमत मोजणे दुसरे, हे त्या पेल्याने दाखवून दिले.

आज हे देवालय उत्तर भारतीय मंडळीच्या पुणे धर्मप्रांताचे कॅथेड्रल आहे. या मंडळीची स्थापना १९७० मध्ये नागपुरात झाली. देवालयाची घडण इटलीतल्या बॅसिलिकांच्या वळणाची. मनोऱ्यातल्या आठ घंटा इंग्लंडात लफबरोला टेलरांच्या ओतशाळेत ओतलेल्या. अशा घंटा वाजवण्याची रीत पाहण्यासारखी असते: एकेका दोरावर एकेक माणूस, आणि प्रत्येक फेरीला क्रम बदलत जातो. एकाचा हात चुकला की साऱ्यांचा हिशेब विस्कटतो.

देवालय पाहायचे तर उपासनेच्या वेळी जावे आणि मागच्या बाकावर बसावे. मराठी उपासना ऐकली की ध्यानात येते: चहाच्या वादात पुण्याने मोठ्या माणसांचीच नावे लक्षात ठेवली, पिढ्यान्‌पिढ्या इथे येणारी मराठी ख्रिस्ती घरे मात्र त्या गोष्टीत कुठेच नाहीत. देवालय टिकले ते या घरांमुळे, आणि शहराच्या इतिहासात त्यांचे प्रकरण अजून लिहायचे राहिले आहे.