तेल इराणचे, वही दुसऱ्याच्या हाती

ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरताना आपण पंपावरचा आकडा पाहतो आणि कपाळाला आठ्या घालतो. पण या तेलापायी देशादेशांत काय काय उलथापालथी झाल्या, हे सहसा आपल्या कानावर येत नाही. कोणत्या देशाच्या गादीवर कोणी बसावे, हेही कधी कधी तेलावरून ठरवले गेले आहे. त्यासाठी इराणची हकिकत समजून घेण्यासारखी आहे.

रुपयातले अडीच आणे

1901 साली इराणच्या शहाने विल्यम डार्सी नावाच्या धनिक इंग्रजाला तेल शोधण्याचा साठ वर्षांचा मक्ता दिला. त्या बदल्यात शहाला 20,000 पौंड रोख, तितक्याच किमतीचे शेअर आणि नफ्याचा 16 टक्के वाटा मिळायचा होता. म्हणजे रुपयामागे जेमतेम अडीच आणे! 1908 साली मस्जिद-ए-सुलेमान येथे तेल लागले आणि पुढच्याच वर्षी कंपनी उभी राहिली.

त्या सुमारास इंग्रजांचे आरमार कोळसा सोडून तेलावर चालू लागले होते. चर्चिल तेव्हा आरमाराचे मंत्री होते. 1914 साली ब्रिटिश सरकारने या कंपनीचे निम्म्याहून अधिक शेअर विकत घेतले. व्यापारी आणि राज्यकर्ता एकच झाला, तर दाद कोणाकडे मागायची?

1933 साली करार नव्याने झाला. इराणला थोडे अधिक मिळू लागले, पण मुदत 1993 पर्यंत लांबली. आबादान येथे जगातला सर्वांत मोठा तेलशुद्धी कारखाना उभा राहिला. साहेबांना बंगले आणि बागा होत्या, तर कित्येक इराणी मजुरांना दिवापाणी नसलेल्या झोपड्या. 1950 साली या कंपनीकडून ब्रिटिश सरकारला कराच्या रूपाने जे मिळाले, ते तेलाच्या मालकाला, म्हणजे इराणला, मिळालेल्या रकमेपेक्षा कितीतरी अधिक होते. आणि इराणने जमाखर्चाची वही पाहायला मागितली, तर कंपनी ती दाखवत नसे. सावकाराच्या वहीवर मुकाट अंगठा उठवण्यासारखाच हा प्रकार होता.

मुसद्दिक यांचा धाडसी निर्णय

मोहम्मद मुसद्दिक हे घरंदाज जमीनदार आणि कायदेपंडित. त्यांच्या पुढाकाराने 1951 च्या मार्च महिन्यात इराणच्या संसदेने तेल राष्ट्राच्या मालकीचे केले. एप्रिलमध्ये ते पंतप्रधान झाले. नुकसानभरपाई देण्याची त्यांची तयारी होती, पण मालकी सोडायला ते तयार नव्हते.

इंग्रजांनी आपले तंत्रज्ञ माघारी नेले आणि इराणी तेल घेणाऱ्याला कोर्टाची धमकी दिली. 1952 साली ‘रोज मेरी’ नावाचे जहाज इराणी तेल घेऊन निघाले. ते एडन बंदरात अडकवण्यात आले. इतर बड्या कंपन्यांनी शेजारच्या सौदी अरबस्तान, कुवेत आणि इराकमधून जास्त तेल काढले. त्यामुळे जगाला इराणची उणीव भासली नाही. एका शेतकऱ्याने रास्त भाव मागितला, की सगळ्या व्यापाऱ्यांनी एकी करून त्याचा माल पडून राहू द्यायचा, तसेच हे झाले.

कुऱ्हाडीचा दांडा

पण परका कितीही बलवान असला, तरी घरातला माणूस फुटल्याशिवाय त्याचे काम होत नाही. 1952 साली मुसद्दिक यांनी हुकूम काढला, की जमीनदारांनी आपल्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा कुळांसाठी आणि गावाच्या कामांसाठी सोडावा. बडे जमीनदार बिथरले. दरबार आणि काही सेनापती आधीच नाराज होते. मुसद्दिक यांनी जादा अधिकार हाती घेतले, त्यामुळे काही जुने सोबतीही दुरावले.

इराण साम्यवाद्यांच्या हाती जाईल, ही भीती अमेरिकेला घातली गेली. अमेरिकन हेरखात्याचा कर्मिट रूझवेल्ट तेहरानमध्ये येऊन बसला. वर्तमानपत्रे, पुढारी, लष्करी अधिकारी आणि गुंड यांच्यावर पैसा ओतला गेला. पहिला डाव फसला आणि शहा देशाबाहेर पळाला. पण 19 ऑगस्ट 1953 रोजी मुसद्दिक यांचे सरकार उलथले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण इराणात अक्षरशः खरी ठरली. या कटात आपला हात होता, हे अमेरिकन हेरखात्याच्या स्वतःच्या कागदपत्रांतून 2013 साली उघड झाले.

वाटणी आणि तिची किंमत

1954 साली नवी वाटणी झाली. जुन्या ब्रिटिश कंपनीला 40 टक्के, अमेरिकन कंपन्यांना 40, शेल कंपनीला 14 आणि फ्रेंच कंपनीला 6 टक्के. निम्मा नफा इराणला देण्याचे ठरले, तेल इराणचेच असेही कागदावर लिहिले गेले. पण हिशेबाच्या वह्या इराणच्या तपासनिसांना याही वेळी उघड झाल्या नाहीत.

मुसद्दिक यांनी तीन वर्षे तुरुंगात काढली. नंतर 1967 साली मरेपर्यंत ते अहमदाबाद नावाच्या आपल्या गावी नजरकैदेत राहिले. शहाने जुलमाने राज्य केले. लोकांच्या मनातला राग 1979 च्या क्रांतीत बाहेर पडला. त्याच वर्षी तेहरानमधल्या अमेरिकन वकिलातीतली माणसे ओलीस धरली गेली आणि दोन्ही देशांत कायमचे वैर आले.

त्या वैराची झळ आपल्यापर्यंतही पोचली. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे 2019 च्या मे महिन्यात भारताला इराणचे तेल घेणे थांबवावे लागले. तोवर इराण हा आपल्याला तेल पुरवणाऱ्या मोठ्या देशांपैकी एक होता.

जमिनीखाली तेल असो की जमिनीवर ऊस, सातबारा आपल्या नावावर असून भागत नाही. भाव कोण ठरवतो आणि वही कोण लिहितो, तिकडेही डोळे उघडे ठेवून पाहावे लागते. आणि आपल्यातलाच कोणी त्या वहीवाल्याला सामील नाही ना, हे त्याआधी पाहावे लागते.