झोनचा आकडा आणि वसंतातील लागवड

अमेरिकेच्या उत्तरेकडील थंड राज्यांत बाग करणाऱ्यांचा, आणि त्यात तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही आली, सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज असा की आपल्या गावाचा 'झोन' कळला म्हणजे काय लावावे आणि केव्हा लावावे या दोन्ही प्रश्नांचा निकाल लागला. अमेरिकी कृषी विभागाने १९६० मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या आणि २०२३ मध्ये सुधारलेल्या वनस्पतींच्या थंडी-सहनशीलतेच्या नकाशातील हे १३ झोन केवळ एका मोजमापावर आखलेले आहेत, ते म्हणजे दरवर्षीच्या हिवाळ्यातील नीचांकी तापमानाची ३० वर्षांची सरासरी. त्यावरून बहुवर्षायू झाड, म्हणजे जमिनीत राहून वर्षानुवर्षे फुटणारे झाड, त्या थंडीत तग धरील की नाही याचा अंदाज येतो. टोमॅटोचे रोप वाफ्यात केव्हा न्यावे याविषयी मात्र तो आकडा काहीही सांगत नाही. सिॲटल आणि ह्यूस्टन ही दोन्ही शहरे नवव्या झोनमध्ये मोडतात, तरी ह्यूस्टनमध्ये टोमॅटोची रोपे मार्चमध्ये बाहेर लावता येतात आणि सिॲटलमध्ये त्यांना मे महिन्यापर्यंत थांबावे लागते.

लागवडीची वेळ ठरते ती शेवटच्या हिमतुषारावरून, म्हणजे तापमान शून्याखाली गेल्याने पानांवर बर्फकण जमण्याच्या हंगामातील अखेरच्या रात्रीवरून. ही तारीख उलटली की धोका टळला, असे पुष्कळांना वाटते. परंतु पंचांगासारखी छापली जाणारी ही तारीख बहुधा निम्म्या संभाव्यतेची असते, म्हणजे दोनपैकी एका वर्षी तिच्यानंतरही हिमतुषार पडतो. शिवाय निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते, त्यामुळे डोक्याच्या उंचीवरचा तापमापक दोन-तीन अंश दाखवीत असतानाही जमिनीलगतची पाने गोठू शकतात. हवेइतकेच मातीचे तापमानही महत्त्वाचे असते: वाटाणा आणि पालक यांचे बी पाच अंश सेल्सिअसच्या आसपासही, सावकाश का होईना, उगवते, तर टोमॅटो आणि मिरचीच्या बियांना पंचवीस अंशांच्या वर ऊब मिळाली तरच ते जोमाने रुजते. म्हणूनच वाटाण्यासाठी मे महिन्याची वाट पाहणे हे टोमॅटोची घाई करण्याइतकेच चुकीचे आहे.

घरात बी जितके लवकर पेरावे तितके पीक लवकर येते, हा समजही खरा नाही. टोमॅटोला बाहेर लावण्यापूर्वी सहा ते आठ आठवडे पुरतात. त्याहून आधी पेरलेले रोप लहान कुंडीत मुळांचा गुंता होऊन खुरटते. खिडकीतला उजेड माणसाला भरपूर वाटला तरी रोपाला अपुरा असतो, आणि ते उजेडाच्या दिशेने लांबट, पिवळट व मऊ वाढते. हे टाळण्यासाठी रोपांच्या अगदी जवळ टांगलेले दिवे दिवसाकाठी चौदा ते सोळा तास लागतात. अशी घरात वाढलेली रोपे थेट उन्हात ठेवली तर पाने पांढरी पडून करपतात. म्हणून आठ-दहा दिवस ती रोज थोडा अधिक वेळ बाहेर ठेवून काटक करावी लागतात, ज्याला रोपवाटिकेत हार्डनिंग म्हणतात.

मराठी घरांतील निराशेचे खरे कारण मात्र अनेकदा थंडी नसून दिवसाची लांबी असते. वाल आणि तूर यांचे पारंपरिक वाण लघुदिवसी आहेत, म्हणजे रात्र ठरावीक मर्यादेहून मोठी झाल्यावरच त्यांना कळी धरते. मुंबईत वर्षातील सर्वांत मोठा दिवस तेरा तासांहून थोडाच अधिक असतो, तर पंचेचाळीस अंश अक्षांशावरील मिनीआपोलिसमध्ये जूनचा दिवस साडेपंधरा तासांपर्यंत जातो. तेथे वालाचा वेल उन्हाळाभर मांडवावर हिरवागार पसरतो, सप्टेंबरात कुठे फुलावर येतो, आणि शेंगा भरण्याआधीच ऑक्टोबरचा हिमतुषार त्याला काळा करून टाकतो. खत वाढवून किंवा पेरणी आधी करून हे टळत नाही, कारण दोष मशागतीत नसून वाणाच्या निवडीत आहे. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने विकसित केलेले 'अर्का जय' आणि 'अर्का विजय' हे वालाचे झुडपी वाण दिवसाच्या लांबीवर अवलंबून नाहीत, त्यामुळे अशा अक्षांशावर निवड त्यांचीच करावी; मात्र त्यांनाही उबदार मातीच हवी असल्याने ते मे महिन्याच्या अखेरीआधी बाहेर पेरू नयेत, आणि भारतातून बी नेताना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राचे किंवा परवान्याचे नियम आधी पाहून घ्यावेत.