चपलेवरचे सुटे दागिने : हौस, व्यापार आणि पालकांनी घ्यावयाची काळजी

नवी दिल्ली : फुले, फळे, इंग्रजी अक्षरे, कार्टूनमधील चेहरे, फुटबॉल, पिझ्झाचा तुकडा. अंगठ्याच्या नखापासून लहान बिस्किटापर्यंतच्या आकाराच्या या रंगीत वस्तू आज मॉलमधील दुकानांत, रस्त्यावरच्या पथाऱ्यांवर आणि ऑनलाइन बाजारपेठेत सर्रास विकल्या जातात. त्या गळ्यात किंवा केसांत नव्हे, तर चपलेवर घालायच्या असतात. फोमच्या सच्छिद्र पादत्राणांच्या छिद्रांत बसवल्या जाणाऱ्या या अलंकारांना ‘चार्म’ म्हणतात. क्रॉक्स कंपनीच्या चार्मचे ‘जिबिट्झ’ हे व्यापारी नावही अनेकांच्या तोंडी रुळले आहे.

हे अलंकार लावायला क्षणभर पुरतो आणि काढायलाही. एकच जोड रोज नव्या रूपात मिरवता येण्याची सोय हे त्यांच्या लोकप्रियतेचे मुख्य कारण आहे. मात्र घरात तीन वर्षांखालील मूल असेल, तर नेमके हेच सुटेपण धोक्याचे ठरू शकते. त्यामुळे हा अलंकार आला कुठून, तो चपलेत टिकतो कसा आणि त्याच्याबाबत कोणती सावधगिरी बाळगायची, हे समजून घेणे आवश्यक आहे.

छिद्रे होती हवेसाठी

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात २००२ मध्ये स्थापन झालेल्या क्रॉक्स कंपनीची सुरुवातीची पादत्राणे नौकाविहार करणाऱ्यांना नजरेसमोर ठेवून तयार करण्यात आली होती. पाण्यात खराब न होणारा, वजनाला अत्यंत हलका आणि ओल्या पृष्ठभागावर सहसा न घसरणारा फोम ही त्यांची वैशिष्ट्ये होती. वरच्या भागातील छिद्रे पायाला हवा लागावी आणि आत शिरलेले पाणी निघून जावे, यासाठी ठेवली होती. कंपनीच्या प्रचलित ‘क्लॉग’ प्रकारात प्रत्येक पायाच्या वरच्या बाजूला अशी तेरा छिद्रे असतात. त्यांचा सजावटीशी काही संबंध असेल, असे निर्मात्यांच्या मनातही नव्हते.

तो संबंध एका घरात जुळला. कोलोरॅडोतीलच बोल्डर शहरात राहणाऱ्या शेरी श्मेल्झर यांनी २००५ मध्ये आपल्या तीन मुलांच्या क्रॉक्सच्या छिद्रांत माती आणि चमकदार खड्यांपासून केलेले अलंकार बसवून पाहिले. पती रिच श्मेल्झर यांनी त्यातील व्यापाराची शक्यता हेरली आणि जिबिट्झ ही कंपनी घरातूनच सुरू झाली. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, क्रॉक्सने ही कंपनी १ कोटी डॉलरना विकत घेतली. त्या वेळच्या विनिमय दराने ही रक्कम सुमारे ४५ कोटी रुपये होते. उद्दिष्टे पूर्ण झाल्यास आणखी १ कोटी डॉलरपर्यंत रक्कम देण्याची तरतूदही या व्यवहारात होती.

देठ आणि चकती

चार्मची रचना साधी आहे. दर्शनी भागावर नक्षी, त्यामागे आखूड देठ आणि देठाच्या टोकाला बटणासारखी रुंद चकती. चकती छिद्रापेक्षा किंचित मोठी असते. ती दाबताना फोम थोडा ताणला जातो, चकती आत जाते आणि फोम पुन्हा मूळ आकारात येऊन देठाभोवती आवळून बसतो. शर्टाचे बटण काजात अडकावे, तसाच हा प्रकार. चार्म काढताना तो आतल्या बाजूने तिरका करून बाहेर ढकलावा लागतो.

बहुतेक चार्म मऊ पीव्हीसी किंवा तत्सम लवचिक प्लास्टिकचे असतात. धातूच्या साच्यात रंगीत द्रव प्लास्टिक भरून ते तापवून घट्ट केले जाते. साचा एकदा तयार झाला की हजारो नग अल्प खर्चात निघतात. त्यामुळेच नकली मालाची बाजारपेठही झपाट्याने वाढली. अस्सल आणि नकली चार्ममधील फरक केवळ नक्षीच्या सफाईचा नसतो. चकतीचे माप थोडे चुकले, देठ पातळ राहिला किंवा वरचे खडे निकृष्ट गोंदाने चिकटवलेले असले, तर चार्म चालता चालता गळतो किंवा त्याचे तुकडे सुटतात.

जोड एक, खरेदी अनेक

पादत्राणांचा जोड ग्राहक एकदा विकत घेतो आणि तो झिजेपर्यंत वापरतो. चार्ममुळे तोच ग्राहक पुन्हा पुन्हा दुकानात येतो. दोन्ही पायांची मिळून सव्वीस छिद्रे म्हणजे सव्वीस छोट्या खरेदींची जागा. वाढदिवस, सण, आवडता चित्रपट, आवडता खेळाडू अशी निमित्तेही न संपणारी. शाळकरी मुलांमध्ये चार्मची अदलाबदल होते. भेट देताना चपलेचे माप विचारावे लागत नाही, हादेखील मोठा फायदा.

मोठ्या फॅशन संस्थांनीही ही कल्पना उचलली. बालेंसियागा या युरोपीय फॅशन संस्थेने २०१७ मध्ये सादर केलेल्या उंच तळाच्या क्रॉक्सवर असे अलंकार होते. २०२० मध्ये केएफसी या खाद्यसाखळीसोबत काढलेल्या जोडावर तर तळलेल्या कोंबडीच्या वासाचे सुटे चार्म देण्यात आले. घराबाहेर पडणे कमी झालेल्या महासाथीच्या काळात आरामदायी पादत्राणांची मागणी वाढली आणि २०२१ मध्ये क्रॉक्सची वार्षिक विक्री सुमारे २.३ अब्ज डॉलरवर पोहोचली. भारतात मुंबईस्थित मेट्रो ब्रँड्स ही कंपनी क्रॉक्सची दुकाने चालवते.

बकलांचा धडा

पादत्राणांवरील सुटा अलंकार ही मात्र एकविसाव्या शतकाची देणगी नव्हे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये बुटांवर बकले लावण्याची प्रथा रूढ होऊ लागली. लंडनचे प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पेपिस यांनी आपण बुटांना बकले लावू लागल्याची नोंद जानेवारी १६६० मध्ये केली आहे. ही बकले बुटाला शिवलेली नसत. बुटाच्या पट्ट्यांत ती दातांनी अडकवली जात आणि एका जोडावरून काढून दुसऱ्यावर लावता येत. श्रीमंतांची बकले चांदीची आणि खडे जडवलेली, तर सामान्यांची पोलाद किंवा पितळेची असत. बूट झिजून जाई, बकल मात्र वर्षानुवर्षे टिके.

बर्मिंगहॅम, वॉल्सॉल आणि वुल्व्हरहॅम्प्टन या शहरांत या उद्योगावर हजारो कारागिरांचे पोट अवलंबून होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस बुटांना नाडी बांधण्याची पद्धत आली आणि या कारागिरांवर संकट ओढवले. तिकडे फ्रान्समध्ये १७८९ च्या क्रांतीनंतर राष्ट्रीय सभेच्या प्रतिनिधींनी आपली चांदीची बकले देशाला दान केली आणि बकल हे सरंजामी थाटाचे चिन्ह ठरले. इंग्लंडमधील बकल-कारागिरांनी १७९० च्या दशकात युवराजांकडे दाद मागितली. युवराजांनी आपल्या दरबारात बकले वापरण्याचा आदेशही दिला, पण लोकांची आवड बदलली ती बदललीच. जो अलंकार सहज लावता येतो, तो तितक्याच सहजपणे टाकूनही देता येतो, हे त्या कारागिरांना मोठी किंमत मोजून कळले.

महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कोल्हापुरी चपलेची परंपरा याच्या नेमकी उलट आहे. तिच्यावरील चामड्याची वेणी आणि गोंडा हे कारागिराने चपलेतच गुंफलेले असतात. त्यात बदल हवा असेल, तर दुसरी चप्पल घ्यावी लागते. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चपलेत अलंकार कोणता असावा, हे कारागीर ठरवतो. चार्मच्या बाबतीत तो निर्णय वापरणाऱ्याच्या, बहुतेकदा एखाद्या लहान मुलाच्या, हाती गेला आहे.

धोका कुठे आहे

काळजीचा मुद्दा येथूनच सुरू होतो. तीन वर्षांखालील मुले हाती येईल ती वस्तू तोंडात घालतात. त्यांची श्वासनलिका अरुंद असते आणि दाढा पूर्ण आलेल्या नसतात. चार्म रंगीत, मऊ आणि खाद्यपदार्थांच्या आकाराचा असेल, तर मोह अधिकच. मोठ्या भावंडाच्या चपलेवरून गळून पडलेला चार्म रांगत्या बाळाला जमिनीवर सापडणे, ही कोणत्याही घरात घडू शकणारी गोष्ट आहे.

खेळण्यांच्या सुरक्षिततेसाठी वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकांत यासाठी एक सोपी चाचणी आहे. ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या एका छोट्या नळकांड्यात जी वस्तू न दाबता पूर्ण मावते, ती ‘लहान भाग’ मानली जाते आणि तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यात तिला मज्जाव असतो. भारतातील दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे. म्हणजे या नाण्याएवढा किंवा त्याहून थोडा मोठा चार्मही धोकादायक आकारात मोडतो. बाजारातील बरेचसे चार्म याच मापाचे असतात.

चालताना लुकलुकणाऱ्या चार्ममध्ये बटणासारखी चपटी बॅटरी असते. ती गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकल्यास अवघ्या दोन तासांत आतील ऊतींना गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. अशा वेळी मूल वरवर ठीक दिसले तरी थांबून पाहणे योग्य नाही.

नियम काय सांगतो

भारतात खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलांच्या खेळासाठी असलेल्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. आयएस ९८७३ या मानकमालिकेत लहान भागांपासून प्लास्टिक मऊ करणाऱ्या थॅलेट रसायनांपर्यंत अनेक बाबींची तपासणी अपेक्षित आहे.

मात्र या आदेशातील व्याख्येचा गाभा ‘खेळ’ हा आहे. चार्म हा सजावटीची वस्तू म्हणून विकला जातो. मुले त्याच्याशी खेळत असली, तरी पाकिटावर खेळण्याचे चिन्ह असेलच, असे ग्राहकाने गृहीत धरू नये. नामांकित कंपन्यांच्या पाकिटांवर तीन वर्षांखालील मुलांसाठी योग्य नसल्याची सूचना असते. पथारीवर सुट्या पिशवीत मिळणाऱ्या मालावर बहुधा कोणतीच सूचना नसते.

पालकांनी काय करावे

तीन वर्षांखालील मुलाच्या चपलेवर चार्म लावू नयेत. मोठ्या भावंडाच्या चपला बाळाच्या हाती लागणार नाहीत, अशा उंचीवर ठेवाव्यात. विकत घेताना चार्म बोटांनी ओढून, वाकवून पाहावा. खडे किंवा तुकडे सुटत असतील, तर तो घेऊ नये. आठवड्यातून एकदा चार्म मोजावेत आणि एखादा कमी भरल्यास तो शोधावा. दिव्याच्या चार्मचे झाकण स्क्रूने बंद केलेले आहे का, हे पाहावे. छिद्रात सैल झालेला चार्म पुन्हा न लावता टाकून द्यावा.

मुलाच्या घशात वस्तू अडकली आणि ते जोराने खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. खोकला, रडणे किंवा श्वास बंद पडल्यास बाळाला पालथे करून, डोके खाली ठेवून पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने थापा द्याव्यात आणि तत्काळ ११२ किंवा १०८ क्रमांकावर मदत मागावी. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालून शोधू नये, त्यामुळे ती आणखी खोल जाऊ शकते. बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली, तरी उलटी करवण्याचा प्रयत्न न करता मुलाला थेट रुग्णालयात न्यावे.

शाळकरी मुलासाठी चपलेवरचा चार्म ही स्वतःची आवड सांगण्याची निरुपद्रवी आणि स्वस्तातली संधी आहे. ती हिरावून घेण्याचे कारण नाही. घरात त्याच्याहून लहान कोण आहे, एवढे मात्र प्रत्येक खरेदीपूर्वी पाहायला हवे.