मधला प्लग

ओम्नीचा प्लग काढायचा तर आधी सीट उलटावी लागते. १९८४ साली ‘मारुती व्हॅन’ म्हणून आलेली ही गाडी १९८८ मध्ये ओम्नी झाली, २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पण ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन शेवटपर्यंत पुढच्या सीटखालीच राहिलं. कोल्हापुरात उद्यमनगरजवळच्या गॅरेजात मी पाहिली ती ओम्नी शाळेची मुलं वाहून पिचलेली. मधला सिलिंडर मिस मारत होता. कडेचे दोन्ही प्लग सरळ निघाले. मधला जाम.

पाना लावण्याआधी मिस्त्रींनी पाइपनं हवा मारली. प्लगच्या बुडाशी रस्त्याची वाळू साचलेली असते आणि प्लग निघाला की ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. हाताखालच्या पोरानं गंज सोडवायचा स्प्रे पुढं केला. मिस्त्रींनी थोडा मारला, पण मनापासून नाही. ‘‘वॉशर दाबून बसलाय खाली. तेल आत जाणार कुठनं?’’

मग काढलेले दोन प्लग पुन्हा बसवून त्यांनी इंजिन चालू केलं. प्लग पोलादाचा, हेड अॅल्युमिनियमचं. तापल्यावर अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणजे भोक प्लगपेक्षा जास्त सैल होतं. मात्र रटरटत्या इंजिनला ते हात लावत नाहीत. गरम अॅल्युमिनियम नरम पडतं आणि प्लगबरोबर आटेही ओरबाडून येतात. बंद करून, हेडवर क्षणभर हात टेकवता येईपर्यंत थांबले. तेवढ्यात गाडीच्या मालकांनी पान्याला लांब पाइप जोडायची सूचना केली. त्यावर मिस्त्रींनी नुसतं बघितलं. पाइपनं जोर वाढतो, पण प्लग सुटतोय की पिळवटतोय हे हाताला कळेनासं होतं.

एकवीसचा प्लग पाना, छोटा दांडा, दुसरा हात पान्याच्या डोक्यावर, तो तिरका होऊ नये म्हणून. पहिला झटका मिस्त्रींनी उलटा दिला, म्हणजे आवळायच्या दिशेनं, अगदी हलका. मग सोडायचा. ‘टक्’ झालं आणि प्लग पाव फेरा फिरला. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी पाना बाजूला ठेवला आणि आत्ता कुठं मनापासून स्प्रे मारला. वॉशर उचलला होता, तेलाला वाट मिळाली होती.

पुढचा वेळ सगळा मागं-पुढं करण्यात गेला. थोडं सोडायचं, कर्र वाजलं की परत आवळायचं. प्लगच्या टोकाचे आटे ज्वलनकक्षाच्या बाजूला उघडे पडले असतील तर त्यांच्यावर कार्बन चढतो. बाहेर येताना तोच हेडच्या आट्यांत पाचरीसारखा अडकतो. कर्र वाजत असताना ओढत राहिलं तर आटे गेलेच. मग हेड उतरवा, भोक मोठं करा, नवे आटे पाडून बुश किंवा कॉइल बसवा. फाउंड्र्या आणि ऑइल इंजिनांवर वाढलेल्या या गावात असं काम करणारी लेथ शोधावी लागत नाही, पण एका प्लगपायी हेड उतरवणं म्हणजे गाडी अडकून पडली.

प्लग आला. मिस्त्रींनी तो उन्हात फिरवून बघितला: टोकाचे आटे काळे, चंदेरी कीस कुठंच नाही. हेड शाबूत.

नवा प्लग त्यांनी पेट्रोलच्या रबरी नळीच्या तुकड्यात खोवून फिरवला. आटे तिरके लागले तर नळी घसरते, जोर बसतच नाही. माझ्या मते गॅरेजातलं सगळ्यात हुशार हत्यार हेच. मालक म्हणाले, ‘‘ग्रीस लावा की थोडं, परत जाम नको.’’ मिस्त्री नाही म्हणाले. नव्या प्लगला मुलामा असतो. वर ग्रीस लावलं की तेवढ्याच जोरात तो जास्त आवळला जातो. वॉशर टेकल्यावर पान्यानं अर्ध्या फेऱ्याहून थोडं जास्त, एवढंच. मागच्या वेळी कुणीतरी अख्खं वजन टाकून आवळला असणार, असं त्यांचं मत. मालकांनी त्यावर काही म्हटलं नाही.