कॅम्परव्हॅन, पोरं आणि लॅब्राडोर: दक्षिण युरोपबद्दलचे काही पक्के गैरसमज

म्युनिक किंवा स्टुटगार्टला राहणाऱ्या मराठी कुटुंबाने सुट्टीचा बेत जाहीर करावा: व्हॅन भाड्याने घ्यायची, दोन्ही पोरं आणि कुत्रा बरोबर, इटलीमार्गे स्पेन-पोर्तुगाल. पुण्याहून आईचा पहिला प्रश्न येतो, “अरे, कुत्र्याचा व्हिसा झाला का?” आणि ऑफिसातला सहकारी खांद्यावर हात टाकून सांगतो, की व्हॅन म्हणजे मोकळं रान, मनाला येईल तिथे थांबा नि झोपा. दोघांचंही चुकतं. आईची चूक निरुपद्रवी आहे. सहकाऱ्याची मात्र दंडाची पावती हातात देऊ शकते.

“कुत्र्याची कागदपत्रं म्हणजे मोठं लचांड”

जर्मनीत राहणाऱ्या कुत्र्यासाठी नाही. पशुवैद्याकडून युरोपीय संघाचा पेट पासपोर्ट मिळतो. मालक भारतीय नागरिक असला तरी फरक पडत नाही. घरातल्या चौघांचे पासपोर्ट भारतीय आणि कुत्रा तेवढा युरोपीय, अशी गंमत अनेक घरांत असते. एकच क्रम पाळायचा: आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. उलट झालं तर ती लस कागदावर धरली जात नाही. लस टोचताना पिल्लू किमान १२ आठवड्यांचं हवं आणि पहिल्या लसीनंतर २१ दिवस थांबायला हवं.

भारतातून कुत्रा नेणाऱ्यांचं गणित वेगळं आहे, आणि ‘लचांड’ हा शब्द त्यांनीच वापरावा. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना घ्यायचा, तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो, रेबीजविरोधी प्रतिपिंडांचं प्रमाण प्रति मिलिलिटर ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा जास्त भरावं लागतं, आणि नमुना घेतल्यापासून तीन महिने युरोपात प्रवेश नाही. म्हणजे जूनच्या सुट्टीसाठी तयारी दिवाळी-नाताळातच सुरू करायची. ब्रिटनमधल्या मंडळींचे जुने पेट पासपोर्ट १ जानेवारी २०२१ पासून युरोपात चालत नाहीत. परतताना तर कुत्र्याला फीतकृमीचं औषध पशुवैद्याच्या हातूनच द्यावं लागतं, तेही ब्रिटनमध्ये पोचण्याच्या २४ ते १२० तास आधी.

खरी मेख बेत बदलण्यात असते. ग्रीसपर्यंत आलोच आहोत तर तुर्कस्तान बघू, स्पेनमधल्या तारिफापर्यंत आलोच आहोत तर बोटीने मोरोक्को गाठू, असं वाटणं साहजिक आहे. माणसांना ते जमेलही. कुत्र्याला परत युरोपीय संघात आणताना मात्र तीच प्रतिपिंड चाचणी दाखवावी लागते. ती निघण्यापूर्वी करून पासपोर्टात नोंदवलेली असेल तर अडचण नाही. नसेल तर कुत्रा अडकतो. अल्बानियाचंही तसंच.

“व्हॅन आपली, मग कुठेही झोपावं”

इथे जरा थांबू, कारण हा गैरसमज सर्वांत लाडका आहे. समुद्राकडे तोंड करून उभी व्हॅन, मागचं दार उघडं, दारात कुत्रा: या एका फोटोने जितके लोक अडचणीत आणले तितके कुणी आणले नसतील.

इटली आणि स्पेनमध्ये कायदा ‘उभं राहणं’ आणि ‘तळ ठोकणं’ यांत फरक करतो. इटलीच्या वाहतूक संहितेचं १८५वं कलम सांगतं, की गाडी फक्त आपल्या चाकांवर उभी असेल, सांडपाणी बाहेर सोडत नसेल आणि स्वतःच्या आकाराबाहेर जागा अडवत नसेल, तर ती नुसती पार्क केलेली आहे. आत कुणी झोपलंय की पत्ते खेळतंय याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. स्पेनच्या वाहतूक खात्याचा दृष्टिकोनही साधारण हाच. पण सावलीचं कापड ओढलं, खुर्ची बाहेर टाकली, कुत्र्याला गाडीला बांधून बाहेर पाण्याचं भांडं ठेवलं, की पार्किंग संपलं आणि कॅम्पिंग सुरू झालं असं पोलीस म्हणू शकतात. कुत्रा असलेल्या कुटुंबाचं सामान नकळत बाहेर सांडतंच, म्हणून हे त्यांनी जास्त लक्षात ठेवायचं. शिवाय नगरपालिकेचे आणि किनाऱ्यांचे नियम वेगळे असतात, ते फलकावर वाचायचे.

पोर्तुगालची गोष्ट जुनी माहिती घेऊन जाणाऱ्यांना हमखास चकवते. अनेक वर्षं तिथे कुणी फारसं हटकत नसे. २०२१च्या सुरुवातीला गाडीत रात्र काढण्यावर कडक बंदी आली आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात ती सैल झाली. आता ठरवून दिलेल्या जागांबाहेर एका नगरपालिकेच्या हद्दीत जास्तीत जास्त ४८ तास थांबता येतं, पण संरक्षित निसर्गक्षेत्रांत आणि किनारपट्टीच्या नियोजन क्षेत्रांत मुळीच नाही. म्हणजे अल्गार्व्हच्या ज्या कड्यांसाठी लोक एवढे लांब येतात, नेमकी तीच जागा बाद. ग्रीस आणि क्रोएशियात तर उघड्यावर तळ ठोकायला बंदीच आहे.

फ्रान्स या बाबतीत शहाणा देश आहे. गावोगावी मोटरहोमसाठी थांबे आहेत आणि अनेक ठिकाणी पाणी भरायची, सांडपाणी ओतायची सोय असते. ‘फ्रान्स पॅशन’ या १९९३ पासूनच्या योजनेचं सभासदत्व घेतलं तर द्राक्षमळेवाले आणि शेतकरी एक रात्र आपल्या आवारात फुकट थांबू देतात. विकत घेण्याची सक्ती नाही. तरी पोरं चीजचा तुकडा चाखतात, आपण बाटली घेतो आणि कुणाचंच नुकसान होत नाही. कुत्रा मात्र पट्ट्यावर हवा. शेतावर कोंबड्या असतात.

“मागे बिछाना आहेच, पोरं झोपून येतील”

नाही येणार. गाडी चालू असताना प्रत्येकाने पट्टा असलेल्या, प्रवासासाठी मंजूर आसनावरच बसायचं. मुलांना वय-उंचीप्रमाणे चाइल्ड सीटही हवी. हलत्या गाडीत मागे जाऊन चहा टाकणं वगैरे सिनेमात ठीक. कुत्राही मोकळा नको: हार्नेस पट्ट्याला अडकवा किंवा बांधून घट्ट केलेला पिंजरा ठेवा. अचानक ब्रेक लागला तर ३० किलोंचा लॅब्राडोर थेट पुढच्या सीटवर येतो.

वजनाचा विचार तर कुणी करतच नाही. साध्या कारच्या परवान्यावर भारासह ३५०० किलोंपर्यंतची गाडी चालवता येते, म्हणून भाड्याच्या बहुतेक व्हॅन याच मर्यादेत बसवलेल्या असतात. समजा, कागदावर गाडी ३०५० किलोंची आहे. उरले ४५०. चालक त्या कागदी वजनात धरलेला असतो, बाकीचे नाहीत. बायको ६०, दोन मुलं मिळून ५५, कुत्रा ३०, सावलीचं कापड ३०, मागच्या रॅकसकट सायकली ६५: झाले २४०. पाण्याची टाकी काठोकाठ भरली की आणखी ८० धरा, कारण कागदी वजनात बऱ्याचदा थोडंच पाणी मोजलेलं असतं. राहिले १३० किलो. त्यात कपडे, भांडी, खुर्च्या, कुत्र्याच्या खाण्याची गोणी आणि आईने पाठवलेला फराळ. एकदा वजनकाट्यावर गाडी चढवून बघावी. टाकी पाव भरून निघावं आणि मुक्कामी पोचल्यावर भरावी, हा सर्वांत स्वस्त उपाय.

भारतीय परवान्याबद्दल एकच: पर्यटक म्हणून येणाऱ्याने सोबत आंतरराष्ट्रीय परवाना ठेवावा. पण जर्मनीत राहायला आलेल्याचा भारतीय परवाना सहा महिन्यांनंतर तिथे चालत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा देऊन जर्मन परवाना काढावा लागतो.

“लसी झाल्या, आता कुत्र्याला धोका नाही”

कागदावरच्या लसी सीमेसाठी असतात. दक्षिण युरोपातला धोका दोन-तीन मिलिमीटरच्या वाळूमाशीचा आहे. आवाज न करता जमिनीलगत उडणारी ही माशी दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत चावते आणि साधारण मे ते ऑक्टोबर सक्रिय असते. स्पेन, पोर्तुगाल, दक्षिण फ्रान्स, इटली, ग्रीस इथे तिच्या चाव्यातून कुत्र्याला लिशमॅनियासिस होतो. व्हॅनच्या खिडकीची डासांची साधी जाळी तिला अडवत नाही, ती आरामात आत येते.

मराठी वाचकाला ही माशी परकी नाही. नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावावरून ज्या विषाणूला १९६५ साली नाव पडलं, तोही वाळूमाशीच पसरवते. बिहारकडचा काळा आजार तर लिशमॅनियासिसच्याच कुळातला. फरक असा, की आपल्याकडच्या काळ्या आजारात जंतूंचा साठा माणसात असतो, भूमध्य समुद्राच्या काठी तो कुत्र्यात असतो.

हा रोग फसवा आहे. सहलीवरून आल्यावर कुत्रा ठणठणीत असतो. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही, डोळ्यांभोवतीचे केस जातात, वजन उतरतं, नखं विचित्र वाढतात, पुढे मूत्रपिंडं जातात. औषधांनी तो आटोक्यात राहतो, पण मुळासकट जाईलच असं नाही. लस आहे, पण ती आजार बळावण्याची शक्यता कमी करते, संसर्ग रोखत नाही. म्हणून मुख्य भिस्त माशीला दूर ठेवणाऱ्या औषधी पट्ट्यावर. तो निघायच्या सकाळी बांधून उपयोग नाही, पूर्ण परिणाम यायला एक-दोन आठवडे लागतात. आणि संध्याकाळ झाली की कुत्रा आत. परतल्यावर काही महिन्यांनी रक्ततपासणी करून घ्यावी.

इटलीच्या पो नदीच्या खोऱ्यात हृदयकृमी आहे. तो डासांमधून येतो आणि महिन्याच्या गोळीने टळतो. गोचीड तर सगळीकडेच.

हिवाळ्याच्या शेवटी किंवा इस्टरला जाणाऱ्यांसाठी आणखी एक प्राणी. पाइनच्या शेंड्यांवर कापसाच्या बोळ्यांसारखी पांढरी घरटी दिसली की वर न बघता खाली बघायचं. त्यांतून सुरवंट उतरतात आणि एकामागे एक, पुढच्याच्या शेपटीला डोकं लावून, जमिनीवरून ओळीने चालतात. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ जाँ-आंरी फाब्र यांनी त्यांना एका कुंडीच्या काठावर चढवलं, तर ते आठवडाभर तिथेच गोल फिरत राहिले. पोरांना ही मिरवणूक बघायला भारी वाटते आणि कुत्र्याला चाटायला. त्यांच्या केसांतलं विष जिभेला लागलं की जीभ सुजते, काळी पडते, तिचा तुकडा गळूही शकतो. चोळायचं नाही. भरपूर पाण्याने तोंड धुवायचं आणि तडक पशुवैद्याकडे.

“एसी आहे ना!”

छतावरचा एसी बहुतेक गाड्यांत २३० व्होल्टवर चालतो, म्हणजे कॅम्पसाइटच्या खांबाला केबल जोडलेली असेल तरच. रस्त्याकडेला गाडी उभी करून, एसी लावून, कुत्र्याला आत ठेवून आपण गाव बघून येऊ, हे होत नाही. आणि खांबाला जोडला तरी अनेक ठिकाणी फक्त सहा अँपिअर मिळतात, म्हणजे १३८० वॅट. एसी चालू असताना २००० वॅटची इंडक्शन शेगडी लावली की फ्यूज उडाला. कुणाला कळायच्या आत आतली गरमी वाढू लागते.

बंद कार २४ अंशांच्या सुखद हवेतही दहा मिनिटांत ३४ आणि अर्ध्या तासात ४३ अंशांवर जाते. काच दोन बोटं खाली ठेवल्याने फारसं काही बदलत नाही. व्हॅनच्या भिंती थोडा वेळ तग धरतात, पण तापल्या की निवतही नाहीत. २०२३च्या स्पॅनिश प्राणीकल्याण कायद्याने जिवाला धोका होईल अशा तापमानात जनावर बंद गाडीत सोडण्याला मनाई केली आहे, आणि कुत्र्याला २४ तासांपेक्षा जास्त काळ देखरेखीविना ठेवायलाही. तेव्हा अल्हाम्ब्रा बघायचा तर दोन पाळ्या: एक जण मुलांना घेऊन आत, दुसरा कुत्र्यासह झाडाखाली. नंतर अदलाबदल. मुलं दोनदा बघायला कुरकुरतील, त्यांना आइसक्रीम द्या.

“जुलै-ऑगस्टमध्येच जायचं, शाळा तेव्हाच बंद”

कुत्रा बरोबर असेल तर माझं स्पष्ट मत: ऑगस्टमध्ये सेव्हिलला जाऊ नका. गर्दी असते, दर चढलेले असतात आणि दुपारच्या डांबरावर पंजे भाजतात. हाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर ठेवून बघा. तुम्हाला ठेववत नसेल तर त्यालाही चालवू नका. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मे-जूनला पेंटेकॉस्टची दोन आठवड्यांची सुट्टी असते, तिचा फायदा घ्या. गर्दीबाहेरच्या काळात ‘एसीएसआय’च्या सवलत कार्डावर अनेक कॅम्पसाइट ठरावीक दरात मिळतात. त्या दरात दोन मोठी माणसं, वीज आणि एक कुत्राही येतो.

पण दोन आठवड्यांत लिस्बन गाठू नका. म्युनिकहून ते एका बाजूने सुमारे २५०० किलोमीटर आहे. १०० किलोमीटरला ११ लिटर धरलं तर नुसतं जायलाच २७५ लिटर डिझेल, वर फ्रान्स-स्पेनचे टोल. गार्डा सरोवर, लिगुरिया, प्रोव्हान्स एवढंच केलं तरी पोरं समुद्रात डुंबतात आणि कुत्रा रोज आठ तास पट्ट्याला बांधलेला राहत नाही.

आणि गॅस. जर्मनीतली ११ किलोंची करडी टाकी स्पेन-इटलीत बदलून मिळत नाही. दोन टाक्या भरून निघा किंवा बऱ्याच देशांत मिळणाऱ्या निळ्या कॅम्पिंगगॅझच्या टाकीसाठी जोडणी सोबत ठेवा. फोडणी शक्यतो बाहेरच्या छोट्या शेगडीवर द्यावी, कारण हिंग-लसणाचा वास गादीत बसला की गाडी परत करताना साफसफाईचे पैसे कापले जातात. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने उघड्या आगीवर बंदी असेल, तेव्हा कॅम्पसाइटच्या कार्यालयात आधी विचारा. बंदी असलीच तर राइस कुकर लावा. तो ७०० वॅटच्या आसपास खातो, सहा अँपिअरमध्ये बसतो. फक्त त्या वेळी एसी बंद ठेवायचा.